सेकंडहँड गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन स्टार. एक कापला क्लेमच्या वेळी झालेल्या चिडचिडीचा आणि एक कापला विकणाऱ्याच्या "मॅडम, यात सगळं कव्हर आहे" या वाक्याचा, कारण सगळं कव्हर असलेली वॉरंटी अजून कुणी छापलेली नाही. तरी तीन दिले कारण माझी गाडी टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, कंपनीची वॉरंटी संपायला आलेली, आणि अशा गाडीला हा प्लॅन घेणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. तुमची गाडी साधी पेट्रोल असेल, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, सर्व्हिसची बिलं वेळच्या वेळी, तर माझं सरळ मत आहे की घेऊ नका, तेवढे पैसे वेगळे काढून ठेवा आणि त्यातनं गाडीची कामं करा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

मुद्दा काय आहे, तर या प्लॅनच्या कागदात "ब्रेकडाऊन" की "मेकॅनिकल फेल्युअर" अशी एक व्याख्या असते, ती साधारण अशी की पार्ट अचानक आणि अनपेक्षितपणे काम करायचा बंद झाला पाहिजे. आता जुनी गाडी काय करते? ती अचानक बंद कमी पडते, हळूहळू थकते जास्त. सस्पेन्शन खडखडायला लागतं, क्लच वर येतो, शॉकॲब्सॉर्बर ओले दिसायला लागतात, इंजिन माऊंट बसतात, स्टीअरिंगमध्ये प्ले येतो, ऑइल थोडं थोडं झिरपतं. हे सगळं त्यांच्या भाषेत वेअर अँड टेअर, म्हणजे तुमच्या खिशातनं. म्हणजे सेकंडहँड गाडीवर वर्षभरात जो नेहमीचा खर्च होतो त्यातला बराचसा भाग या प्लॅनच्या बाहेरच असतो. मग आत काय उरतं, तर जे पार्ट सांगून सवरून जात नाहीत आणि गेले की मोठा खड्डा पाडतात ते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, टर्बो, एसी कॉम्प्रेसर, हाय प्रेशर फ्युएल पंप, एबीएसचं मॉड्यूल, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग. तुमच्या गाडीत असे पार्ट किती आहेत आणि त्यातला सगळ्यात महागडा बदलायला काय लागेल, एवढं एक विचारून या. सर्व्हिस सेंटरला फोन केला तरी अंदाज सांगतात. तो आकडा हातात आल्याशिवाय प्लॅन महाग की स्वस्त हे कळूच शकत नाही. मी माझ्यापुरता हिशोब असा केला की सगळ्यात महाग एका रिपेअरच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त प्लॅनची किंमत असेल तर नको. हा काही नियम नाही, माझा आपला हिशोब.

आता प्रकार बघा. एक असते गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी, दुसरी असते बाहेरच्या कंपनीची, जी सेकंडहँड डीलर त्याच्या नावाने विकतो पण क्लेम बघणारा वेगळाच कुणीतरी असतो आणि पैसे देणारी विमा कंपनी अजून तिसरीच असते. कंपनीची मिळत असेल तर डोळे झाकून तिच्याकडे आधी जा, कारण क्लेम त्यांच्याच सर्व्हिस सेंटरला, त्यांच्याच पार्टने, आणि वाद कमी. अडचण अशी की ती बहुतेक वेळा मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, संपल्यावर दार बंद. आणि मूळ वॉरंटी मोजतात गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या तारखेपासून, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नाही. गाडी तीन वर्षं जुनी म्हटलं तर ती तीन वर्षं तिथेच गेली. आधीच्या मालकाने एक्स्टेंडेड घेतलेली असेल तर ती तुमच्या नावावर होते का, त्यासाठी किती दिवसात अर्ज करायचा, फी काय, हे गाडीचे पैसे द्यायच्या आधी विचारा. बऱ्याच जणांच्या गाडीला वॉरंटी असते आणि नावावर करून न घेतल्याने ती फुकट जाते.

बाहेरच्या कंपनीचे प्लॅन दोन पद्धतीने लिहिलेले असतात आणि हा फरक फार मोठा आहे. एकात यादी असते की हे हे पार्ट कव्हर आहेत, म्हणजे यादीत नाही ते कव्हर नाही. दुसऱ्यात उलटं, सगळं कव्हर आहे फक्त हे हे सोडून. दुसरा प्रकार नेहमी चांगला, कारण आजच्या गाडीत इतके सेन्सर आणि मॉड्यूल आहेत की कुठलीही यादी अपुरीच पडणार. पहिल्या प्रकारात "इंजिन कव्हर आहे" असं म्हणतात तेव्हा बारीक अक्षरात "आतून वंगण मिळणारे पार्ट" असं लिहिलेलं असतं. म्हणजे पिस्टन, क्रँक, कॅमशाफ्ट वगैरे. इंजिनाला बाहेरून लटकलेला अल्टरनेटर, स्टार्टर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, इंजेक्टर हे त्यात आपोआप येत नाहीत, आणि जातात जास्त करून हेच! ऑइल सील आणि गॅस्केटचंही तसंच, कव्हर झालेला पार्ट बदलताना सील मोफत, नुसतं सील गळतंय म्हणून गेलात तर नाही.

टायमिंग बेल्टचं उदाहरण देते, कारण यात पूर्ण प्लॅनची गोम कळते. बेल्ट हा ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचा सर्व्हिस पार्ट, म्हणून कव्हर नाही. तो तुटला की आजकालच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, सिलेंडर हेड खोलायला लागतं. व्हॉल्व्ह कव्हर आहेत. मग पैसे मिळणार का? नाही, कारण नुकसान ज्या पार्टमुळे झालं तोच कव्हर नव्हता, वर बेल्ट वेळेत बदलल्याचं बिल दाखवा म्हणतात. आणि सेकंडहँड गाडीत ते बिल आधीच्या मालकाकडे असतं किंवा कुणाकडेच नसतं. त्यामुळे ज्या इंजिनाला बेल्ट आहे आणि तो कधी बदलला माहीत नाही, तिथे पहिल्या सर्व्हिसला बेल्ट, टेन्शनर, जमलं तर वॉटर पंप बदलून टाका आणि बिल जपून ठेवा. वॉरंटी असो नसो.

इंजिन गरम झाल्याचं अजून वेगळं. कूलंटचा होज फुटला, होज कव्हर नाही, सुई वर गेली तरी माणूस घर जवळ आहे म्हणून गाडी दामटतो आणि हेड गॅस्केट जातं. क्लेमच्या वेळी स्कॅनर लावला की फॉल्ट कोडबरोबर त्या क्षणाची कूलंटची डिग्री, आरपीएम, स्पीड असं ईसीयूने साठवलेलं असतं ते दिसतं (ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर). तिथे "मी लगेच थांबलो" हे चालत नाही. लाल दिवा लागला की बाजूला घ्या, इंजिन बंद, टो करा.

आता माझ्या क्लेमचं. एसी चालू केला की बॉनेटमधून घरघर यायची, बंद केला की आवाज गायब, आणि मग एक दिवस थंड हवा यायचीच बंद झाली. सर्व्हिस सेंटरला नेली तर ॲडव्हायझर म्हणाला "मॅडम, काहीही खोलणार नाही मी, आधी ॲप्रूव्हल येऊ दे." हे त्याने बरोबर केलं, कारण परवानगीच्या आधी काम सुरू केलं की क्लेम तिथेच मेला. त्याने ओडोमीटरचा फोटो काढला, चेसिस नंबरचा काढला, कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा काढला, आवाजाचा व्हिडिओ घेतला आणि प्लॅनवाल्यांच्या पोर्टलवर टाकलं. तिकडून उत्तर आलं की मागच्या सर्व्हिसची बिलं पाठवा. पाठवली. मग उत्तर आलं की इन्स्पेक्टर येऊन बघेल. तोपर्यंत गाडी तिथेच उभी, आणि बदली गाडी प्लॅनमध्ये आहे का तर आहे, पण काम मंजूर झाल्यानंतर लागू! वाट बघण्याचे दिवस त्यात धरत नाहीत. हे मी आधी वाचलेलं होतं तरी तेव्हा राग आलाच.

शेवटी मंजूर झालं ते असं. कॉम्प्रेसर पूर्ण, त्याची मजुरी त्यांच्या ठरलेल्या रेटने, सर्व्हिस सेंटरचा रेट जास्त असल्याने वरचा फरक माझा. गॅस नाही, कॉम्प्रेसर ऑइल नाही, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर नाही, ओ-रिंग नाही, कारण ते कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारे. कॉम्प्रेसर आतून तुटला की धातूचा कीस पूर्ण लाइनमध्ये पसरतो म्हणून फ्लशिंग, म्हणजे लाइन धुणं, करावं लागतं, ते नाही. आणि कंडेन्सर (पुढे बसणारी एसीची जाळी) पण बदला असं सर्व्हिस सेंटर म्हणत होतं, कारण त्याच्या बारीक नळ्यांमधला कीस धुऊन नीट निघत नाही, तर इन्स्पेक्टरने कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात दोन-चार वाकलेल्या पात्या दाखवल्या आणि लिहिलं बाहेरचा मार, नामंजूर. तो कोपरा कॉम्प्रेसरशी संबंधितच नव्हता, मी मेल लिहिला, सर्व्हिस सेंटरकडून लेखी घेतलं की बदलायचं कारण कीस आहे, दगडाचा मार नाही, आणि मग अर्धी रक्कम दिली. अर्धी का, पूर्ण का नाही, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. असो. एवढ्या सगळ्यानंतरही त्या एका क्लेममध्ये प्लॅनच्या पैशाचा बराच मोठा हिस्सा निघाला, हे मान्य करायला हवं.

नंतर पॉवर विंडोची मोटर गेली ती मात्र फटकन मंजूर, फोटो टाकले आणि संध्याकाळी काम झालं. आणि पुढचा शॉकॲब्सॉर्बर गळायला लागला तो नामंजूर, नॅचरल वेअर. त्यावर मी वाद घातला नाही, कागदावर स्पष्ट लिहिलंय.

गिअरबॉक्सचं काम अजून निघालेलं नाही, पण प्लॅन घेतला होता तो खरं तर त्याच्यासाठीच. ड्राय क्लचवाला (क्लच ऑइलमध्ये न बुडलेला) ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक) असलेली गाडी घेताना थोडा इतिहास बघा. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये चीनमध्ये डीएसजी, म्हणजे त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची वॉरंटी १० वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर केली होती. निसानने अमेरिकेत २००३ ते २०१० मॉडेलच्या सीव्हीटीची वॉरंटी ५ वर्षं / ६०,००० मैलांवरून १० वर्षं / १,२०,००० मैल केली. कंपन्या हौसेने असं करत नाहीत, तक्रारी आल्यावर करतात. यातनं दोन गोष्टी कळतात. पहिली, कुठल्या गिअरबॉक्सला जपून राहायचं. दुसरी, तुमच्या मॉडेलला कंपनीनेच एखाद्या पार्टची वॉरंटी वाढवून दिलेली असू शकते, मग त्याच पार्टसाठी पैसे देऊन प्लॅन कशाला घ्यायचा? चेसिस नंबर देऊन विचारलं की समजतं. रिकॉलचं, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावण्याचं, पण तेच, तोच १७ अक्षरी नंबर टाकून तपासा, टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगसारखा सेफ्टी रिकॉल असेल तर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असली तरी काम मोफत होतं, त्याचा वॉरंटीशी संबंध नाही. ते प्लॅनचा फायदा म्हणून कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

गिअरबॉक्सच्या बाबतीत प्लॅनमध्ये तीन ओळी शोधा. क्लच पॅक कव्हर आहे का (बऱ्याचदा नाही, कारण क्लच म्हणजे झिजणारा पार्ट, मग तो ऑटोमॅटिकमधला का असेना), कंट्रोल युनिट म्हणजे मेकाट्रॉनिक्स नावाने लिहिलंय का, आणि खोलून बघायचा खर्च कुणाचा. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गिअरबॉक्स उतरवून उघडल्याशिवाय कारण कळत नाही, आणि उघडल्यावर कारण कव्हर नसलेलं निघालं तर उतरवायची आणि परत बसवायची मजुरी तुमची, ती काही थोडी नसते. अजून एक, काही गाड्यांच्या माहितीपत्रकात गिअरबॉक्स ऑइल लाइफटाइम असं लिहिलेलं असतं. लाइफटाइम कुणाची ते लिहीत नाहीत. मी बदलून घेतलं आणि बिल ठेवलं.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात, इंजेक्टर आणि पंप कव्हर असले तरी खराब इंधनामुळे गेले असं ठरवलं की क्लेम गेला, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होणं जवळपास कुठेच कव्हर नसतं कारण तो गाडी चालवण्याच्या सवयीचा दोष धरतात. इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बहुतेक कंपन्या स्वतःच ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत सांभाळतात, मग बाहेरच्या प्लॅनमध्ये बघायचं ते ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि मोटरचं, बॅटरी बहुधा वगळलेलीच असते.

पैशाचं. या प्लॅनवर डीलरला कमिशन असतं, म्हणून गाडीच्या किमतीवर अडून बसलेला माणूस इथे लगेच कमी करतो. "आजच घेतला तर" वगैरे ऐकू नका, उद्या पण मिळतो. कर्जाच्या हप्त्यात घालून देऊ का असं विचारतात, तसं केलं की प्लॅनवर व्याज पण भरता आणि प्लॅन संपल्यावर सुद्धा हप्ता चालूच राहतो. एका क्लेमची मर्यादा किती आणि एकूण किती हे बघा, कारण काही ठिकाणी एकूण मर्यादा गाडीच्या त्या दिवसाच्या बाजारभावाएवढीच असते आणि एका क्लेमची मर्यादा इतकी कमी असते की गिअरबॉक्सचा एक कोपरा पण त्यात येत नाही. किलोमीटर वाढतील तसे पार्टच्या किमतीतले टक्के मालकाने भरायचे असा तक्ता असतो, तो शेवटच्या पानावर लपलेला असतो. सुरुवातीला बहुधा ३० दिवस थांबायचा काळ, त्यात काही झालं तर कव्हर नाही, आणि थांबायचा काळ संपल्यावर जे बिघडेल ते आधीपासूनच होतं असं म्हणायची सोय त्यांच्याकडे असतेच.

म्हणूनच माझं सगळ्यात ठाम मत हे की प्लॅनच्या आधी गाडीची स्वतंत्र तपासणी. विकणाऱ्याच्या माणसाकडून नाही, तुमच्या मेकॅनिककडून. थंड इंजिन चालू करून बघणे, सगळ्या मॉड्यूलचं स्कॅनिंग, कॉम्प्रेशन, गिअरबॉक्स ऑइलचा रंग आणि वास, लिफ्टवर घेऊन खालून. स्कॅनमध्ये ओडोमीटरचं रीडिंग वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये सापडतं ते जुळतं का हेही बघा, कारण मीटर मागे फिरवलेलं निघालं तर प्लॅन रद्द, फिरवलं कुणी का असेना. या तपासणीला प्लॅनच्या मानाने किरकोळ पैसे लागतात, आणि तारखेचा रिपोर्ट हातात असला की "आधीपासून होतं" म्हणणाऱ्याच्या समोर ठेवता येतो. माझ्या कॉम्प्रेसरच्या वेळी तोच रिपोर्ट मेलला जोडला होता. आधीच्या मालकाने ईसीयू रीमॅप केलाय का (म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का), वायरिंग कापून लाइट बसवलेत का, हेही त्यातच कळतं, आणि यातलं काहीही असेल तर प्लॅन घ्यायच्या भानगडीत पडू नका, क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

सर्व्हिस मात्र वेळेवर करा, ठरलेल्या किलोमीटरच्या थोडी पुढे गेली तरी चालते असं समजू नका, प्लॅनमध्ये किती सवलत आहे ते लिहिलेलं असतं आणि ते तेवढंच. बिलावर ऑइलचा ग्रेड लिहून घ्या. टर्बो गेला तर पहिला प्रश्न ऑइलचाच येतो.

माझा प्लॅन आता संपत आलाय, खरं तर तारखेच्या आधी किलोमीटरच संपतील, कारण दोन्हीतलं जे आधी होईल ते. रिन्यूअलसाठी फोन सुरू झालेत. फोनवरची मुलगी गोड बोलते, किंमत पण आधीच्या जवळपासच सांगितली, पण नव्या प्लॅनमध्ये गिअरबॉक्सची मर्यादा किती आणि मालकाने भरायच्या टक्क्यांचा तक्ता काय हे विचारलं तर "मॅडम, तेच सगळं आहे" म्हणाली. मी म्हटलं पूर्ण अटींची फाइल मेल करा, माहितीपत्रक नको. पेमेंटची लिंक लगेच आली, फाइल अजून आलेली नाही.